स्कोअरला किती वजन, ॲक्टिव्हिटींना किती? कॉलेजांचे अर्ज भरण्याचा नेमका क्रम

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या दरम्यान माझ्या इंदूरमधल्या सुदामा नगरच्या घरी दोन प्रकारची मुलं येतात. पहिल्याची जेईई चालू असते आणि हातात सर्टिफिकेटांची जाडजूड फाइल असते. दुसऱ्याला अमेरिकेत अर्ज करायचा असतो. त्याने अकरावी आख्खी भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये काढलेली असते आणि फॉर्मातले ॲक्टिव्हिटींचे दहा रकाने बघून त्याला घाम फुटलेला असतो. एकाने नको तिथे वेळ घातला, दुसऱ्याने हवा तिथे घातला नाही. प्रश्न मात्र दोघांचा एकच: "काकू, ॲक्टिव्हिटी किती लागतात?"

प्रश्नच उलटा आहे. आधी कुठे जायचं ते ठरतं, मग किती ते. एकाच मुलाच्या त्याच फाइलला एका कॉलेजात शून्य किंमत असते आणि दुसऱ्या कॉलेजात निकाल तिच्यावर फिरतो. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. पाचवी आधी आणि पहिली नंतर केली, तर पाचवी पुन्हा करावी लागते. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

## पायरी १ : कॉलेजांची यादी चार रकान्यांत मांडा

एक मोठा कागद घ्या. मोबाइलवर नको, कारण ही यादी आई-बाबांनाही रोज दिसायला हवी. चार रकाने आखा.

रकाना अ : फक्त परीक्षा. जेईई, नीट, क्लॅट (कायद्याची) आणि बहुतेक सीयूईटीवाले (केंद्रीय विद्यापीठांची सामायिक परीक्षा) अभ्यासक्रम इथे येतात. आयआयटीसाठी बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं ही पात्रतेची अट आहे (राखीव गटांपैकी काहींना टक्क्यांत सवलत आहे). तो उंबरठा ओलांडला की ७६ आणि ९६ टक्के सारखेच, पुढे चालते ती जेईई ॲडव्हान्स्डची रँक. दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतो आणि बारावीचे टक्के मुख्यतः बरोबरी सोडवायला कामी येतात. या रकान्यात वक्तृत्वाच्या ढालीला शून्य गुण.

रकाना ब : परीक्षा आणि मग मुलाखत. आपल्या राऊच्या टेकडीवरचं आयआयएम इंदूर हे याचं घरचं उदाहरण. तिथला आयपीएम हा व्यवस्थापनाचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम २०११ पासून चालू आहे. दहावी-बारावीला किमान टक्क्यांची अट, मग आयपीमॅट ही लेखी परीक्षा, मग मुलाखत. ॲक्टिव्हिटींना वेगळे गुण नसतात, पण मुलाखतीत बोलायला विषय तिथूनच मिळतात.

रकाना क : सगळा अर्ज एकत्र वाचणारे. अमेरिकेतली निवडक कॉलेजं, आणि भारतात अशोकासारखी विद्यापीठं. शाळेचे गुण, परीक्षा, निबंध, शिफारसपत्रं, ॲक्टिव्हिटी, कधी मुलाखत, असं सगळं एका टेबलावर येतं.

रकाना ड : विषयाला धरून वाचणारे. ब्रिटनमधली विद्यापीठं. यांना तुम्ही फुटबॉलचे कॅप्टन होतात याचं विशेष कौतुक नसतं. अर्थशास्त्र मागताय, तर अर्थशास्त्राबद्दल पुस्तकाबाहेर काय केलंत ते सांगा, एवढंच.

रकाना अ मध्ये दोन फटी आहेत, त्याही टिपून ठेवा. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि कला यांसाठी नेहमीच्या जागांच्या वर काही जागा असतात. त्यांच्यासाठी चाचणी द्यावी लागते आणि प्रमाणपत्रं अलीकडच्या काही वर्षांचीच धरतात. पाचवीतली ढाल घरीच राहू द्या. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक बी.टेक. अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या आहेत, पण त्यासाठीही जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हावीच लागते. म्हणजे फट आहे, पळवाट नाही.

तपासा : यादीतल्या नावांपैकी निम्म्याहून जास्त एकाच रकान्यात आहेत का? असतील तर तोच तुमचा मुख्य रस्ता. चारही रकान्यांत सारखी नावं असतील तर यादी अजून झालेली नाही, नुसती नावं गोळा झाली आहेत.

## पायरी २ : वजन ऐकू नका, वाचा

रकाना क साठी ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच सगळे वगळतात. मावसभावाने सांगितलं, कोचिंगवाल्या भैयांनी सांगितलं, यूट्यूबवर बघितलं, यावर लोक तीन वर्षांचा बेत आखतात. प्रत्यक्षात अमेरिकेतली बरीचशी कॉलेजं स्वतःच हे छापून ठेवतात.

कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं शोधा. मोठी पीडीएफ उघडते. तिच्यातला विभाग सी-७ काढा. तिथे एक तक्ता असतो: शाळेतल्या विषयांची कठीणता, गुण, वर्गातला क्रमांक, परीक्षेचा स्कोअर, निबंध, शिफारस, मुलाखत, ॲक्टिव्हिटी, कलागुण, स्वभाव, समाजकार्य, नोकरीचा अनुभव वगैरे. प्रत्येकासमोर चारपैकी एक खूण असते: अति महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा सी-७ वाचून आपल्या कागदावर उतरवा.

मग सी-९ बघा. प्रवेश घेतलेल्या मुलांचे स्कोअर तिथे असतात: खालच्या पंचवीस टक्क्यांची रेघ, मधली, आणि वरच्या पंचवीस टक्क्यांची. पण इथे एक मोठा खड्डा आहे. त्याच तक्त्यात किती टक्के मुलांनी स्कोअर दिला तेही लिहिलेलं असतं. ज्या कॉलेजात स्कोअर ऐच्छिक आहे तिथे चांगला स्कोअर असलेलीच मुलं तो पाठवतात, त्यामुळे आकडे फुगतात. निम्म्याच मुलांनी स्कोअर दिला असेल तर ती मधली रेघ सगळ्या वर्गाची नव्हे, छातीठोकपणे स्कोअर दाखवणाऱ्या निम्म्यांची. हे न कळल्याने चांगल्या स्कोअरची मुलं उगाच खचतात.

परीक्षेबाबत, म्हणजे मुख्यतः सॅट या अमेरिकी कॉलेजप्रवेशाच्या १६०० गुणांच्या परीक्षेबाबत, धोरण तीन तऱ्हेचं असतं:

– सक्तीचं. एमआयटीने २०२२ मध्ये सक्ती परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनीही परत फिरण्याचं जाहीर केलं. 'कोविडनंतर सॅट लागत नाही' हे वाक्य आता जुनं झालं, तरी आपल्याकडे अजून फिरतंय.
– ऐच्छिक. द्या किंवा नका देऊ. कोलंबिया याच गटात राहिलं आहे.
– बघतच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे सगळी केंद्रं प्रवेश ठरवताना सॅट बघतच नाहीत. तिथे १५८० असला तरी पाठवून उपयोग नाही. ॲक्टिव्हिटी आणि निबंध यांचं वजन साहजिकच चढतं.

सावधान : धोरण दरवर्षी बदलू शकतं. गेल्या वर्षी ताईने भरलेल्या फॉर्मावर जाऊ नका. ज्या वर्षी तुम्ही अर्ज भरताय त्या वर्षाचं पान उघडा आणि तारखेसकट छापून कागदामागे टाचा.

## पायरी ३ : तिसरा भिडू विसरू नका, शाळेचे गुण

स्कोअर मोठा की ॲक्टिव्हिटी मोठ्या, या भांडणात तिसरा भिडू गप्प बसलेला असतो. निवडक अमेरिकी कॉलेजांचे सी-७ उघडून बघा. 'विषयांची कठीणता' आणि 'शाळेतले गुण' यांच्यापुढे बहुतेक ठिकाणी 'अति महत्त्वाचं' दिसेल. तिथे नववी ते बारावी अशी चारही वर्षं मागतात. आपल्याकडे नववीचं वर्ष 'आरामाचं' आणि अकरावी 'कोचिंगची' मानतात. शाळेतल्या अकरावीच्या पेपरात ६२ पडले तरी कोणी विचारत नाही. इथे विचारतात.

म्हणून आजच शाळेतून नववी आणि दहावीच्या मार्कशीट काढून ठेवा, अकरावीची वार्षिक परीक्षा गांभीर्याने द्या, आणि बारावीचे अंदाजे गुण कोण लिहून देणार हे मुख्याध्यापकांना विचारा. बोर्डाचा निकाल मे महिन्याच्या आसपास लागतो आणि अर्ज त्याच्या कितीतरी आधी जातो. मधली भिंत शाळेच्या अंदाजावर उभी राहते. तोही हवेत नको. सहामाही आणि प्रीलिमचे कागद सोबत असले की शिक्षकांनाही लिहायला आधार मिळतो.

'डमी' शाळेत नाव घालून आख्खा दिवस कोचिंगला बसणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. रकाना अ साठी ती सोय चालून जाईल. रकाना क मध्ये शिफारसपत्र देणारे शिक्षक तुम्हाला चेहऱ्याने तरी ओळखायला हवेत.

## पायरी ४ : परीक्षेला किती वेळ द्यायचा, आणि कुठे थांबायचं

सॅट आता पूर्ण डिजिटल आहे: २ तास १४ मिनिटं, एकूण ९८ प्रश्न, १६०० पैकी गुण. भाषा आणि गणित या दोन भागांचे प्रत्येकी दोन तुकडे असतात. पहिल्या तुकड्यात जसं जमेल त्यावर दुसरा सोपा की अवघड हे ठरतं. म्हणून पहिल्या तुकड्यात घाई करणाऱ्याला दुसऱ्यात भरपाई करणं जड जातं. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आयपीमॅटमध्ये नेमकं उलट. तिथे पर्यायांच्या प्रश्नांत चुकीला गुण कापतात. दोन्ही परीक्षा देणारी मुलं सवयी एकमेकीत मिसळतात, हे मी सरावाच्या पेपरांत डोळ्यांनी पाहिलंय.

क्रम असा ठेवा:

१. कोचिंग लावण्याआधी 'ब्लूबुक' ॲपवर एक पूर्ण सराव परीक्षा द्या. सकाळी, एकाच बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत.

२. आलेला स्कोअर सी-९ च्या रेघांशी ताडून बघा. मधल्या रेघेपासून शंभरच्या आत असाल तर घरचा सराव पुरतो. दोनशेने मागे असाल तर शिकवणीचा विचार करा.

३. पहिली खरी परीक्षा अकरावीच्या शेवटी द्या, म्हणजे मार्च किंवा मेमध्ये. दुसरी ऑगस्टमध्ये. ऑक्टोबर ही शेवटची संधी समजा. नोंदणी महिनोन्‌महिने आधी करा, नाहीतर गावातल्या केंद्राच्या जागा भरतात आणि आदल्या रात्री भोपाळची बस धरावी लागते.

४. बरीच कॉलेजं दोन वेळच्या परीक्षांतले उत्तम भाग जोडून घेतात. एकदा गणित चांगलं गेलं, एकदा भाषा, तर दोन्हींतलं चांगलं धरतात. प्रत्येक कॉलेजचा नियम कागदावर टिपा.

थांबायचं कुठे, यावर माझं मत ठाम आहे. कॉलेजच्या वरच्या रेघेजवळ पोचलात की थांबा. १५२० चे १५५० करण्यासाठी तीन महिने घालणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या तीस गुणांनी कोणाचा निकाल फिरलेला मला तरी दिसला नाही. त्याच तीन महिन्यांत निबंध मात्र कच्चे राहिले.

पाठवायचा की नाही? ऐच्छिक कॉलेजात स्कोअर मधल्या रेघेवर किंवा वर असेल तर पाठवा. खालच्या रेघेच्याही खाली असेल तर नका पाठवू. दोन्हींच्या मध्ये असेल तर शाळेच्या गुणांकडे बघा. गुण स्कोअरपेक्षा कमजोर असतील तर स्कोअर आधार देतो, पाठवा. गुण उत्तम असतील आणि स्कोअर त्यांना खाली ओढत असेल तर ठेवून द्या.

## पायरी ५ : ॲक्टिव्हिटींची कच्ची वही

आता, आणि आताच, ॲक्टिव्हिटींकडे या. एक रविवार काढा. पोहे-जिलेबी आटोपली की आई, बाबा, आजी सगळ्यांना बसवा आणि नववीपासून काय काय केलं ते सगळं लिहा. निवड करू नका. मुलांना स्वतःचं अर्धं काम आठवत नाही, किंवा ते 'ॲक्टिव्हिटी' वाटतच नाही.

गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर या वहीत आलेल्या काही नोंदी सांगते. आजीला रोज दोनदा इन्सुलिन देणं आणि साखरेची नोंद ठेवणं. सराफ्यातल्या दुकानात रोज संध्याकाळी दोन तास गल्ल्यावर बसणं. गणपतीत मंडळाच्या वर्गणीची वही सांभाळणं. अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी (मिरवणुकीतल्या चित्ररथासाठी) विजेची जोडणी करणाऱ्या काकांच्या हाताखाली तीन वर्षं काम. सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करत नाहीत अशा घरी जाऊन बोलणं. यातली पहिली नोंद त्या मुलीने लिहिलीच नव्हती, तिच्या आईने लिहायला लावली. अमेरिकेतल्या कॉमन ॲप या फॉर्मात 'घरच्या जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' हे ॲक्टिव्हिटींचे स्वतंत्र प्रकार आहेत. फॉर्मच ते मागतो, आणि आपल्याकडे मुलं लाजून लपवतात.

प्रत्येक नोंदीपुढे चार गोष्टी लिहा: कुठल्या इयत्तेत, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, आणि कोण साक्ष देईल. मग प्रत्येकीला एक प्रश्न विचारा: मी उद्या गेलो नाही तर तिथे काय अडेल? काही अडत असेल तर ती ॲक्टिव्हिटी. काहीच अडत नसेल तर ती हजेरी.

बेरीज करून बघा : सगळ्या नोंदींचे आठवड्याचे तास जोडा. आठवड्यात १६८ तास असतात. झोपेचे ५०, शाळेचे ३६, कोचिंगचे १८ वजा केले तर ६४ उरतात, आणि त्यांतच अभ्यास, जेवण, विजय नगरच्या सिग्नलवरचं ट्रॅफिक. तुमची बेरीज ४० आली तर वाचणारा पहिल्या मिनिटात फाइल बाजूला ठेवेल. खरे तास लिहा. आठवड्याला तीन तास, पण सलग चार वर्षं, हे भारी असतं.

## पायरी ६ : दहा रकाने, दीडशे अक्षरं

कॉमन ॲपमध्ये जास्तीत जास्त १० ॲक्टिव्हिटी लिहिता येतात. प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, पदाच्या नावाला ५०. अक्षरं म्हणजे शब्द नव्हेत, मोकळी जागासुद्धा मोजली जाते. पुरस्कारांसाठी वेगळे पाच रकाने. एमआयटीचा फॉर्म स्वतंत्र आहे आणि तिथे चारच ॲक्टिव्हिटी मागतात. तेव्हा वहीतल्या पहिल्या चार कुठल्या, हे आधी ठरवून ठेवा.

क्रम महत्त्वाचा. सगळ्यांत जास्त जबाबदारीची नोंद सर्वांत वर. सर्टिफिकेट कितीही चकचकीत असलं तरी ते क्रम ठरवत नाही. आणि दहाही रकाने भरलेच पाहिजेत असं नाही. सहा भरीव नोंदींखाली चार पोकळ नोंदी जोडल्या की वरच्या सहांचंही वजन उतरतं.

लिहिताना क्रियापद आणि आकडा. एक उदाहरण देते. मुलाने लिहिलं होतं: 'गणेशोत्सव मंडळाचा सक्रिय सदस्य. विविध सांस्कृतिक कार्यक्रमांच्या आयोजनात मोलाचं योगदान.' आम्ही दोन तास डोकेफोड करून ते असं केलं: 'दोन वर्षं मंडळाचा हिशेब ठेवला, १४० घरांच्या पावत्या, कागदी वहीचं स्प्रेडशीट केलं, खर्च फलकावर लावायला सुरुवात केली.' दुसऱ्यात मुलगा दिसतो. पहिल्यात लग्नपत्रिकेची भाषा दिसते.

आपल्याकडच्या गोष्टी परक्या वाचकाला कळतील असं धरू नका. 'मध्यमा पूर्ण' लिहिलं तर तिकडच्या माणसाला काय बोध होणार? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या क्रमात प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम आणि मग मध्यमा पूर्ण येते. तेव्हा 'शास्त्रीय गायनाच्या राष्ट्रीय मंडळाची पाचवी पायरी, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा' असं लिहा. मल्लखांब, खो-खो, एनसीसी, सगळ्यांना हाच नियम.

या चुका वारंवार होतात :

– नावापुरती एनजीओ. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला एका सल्लागाराने बारावीच्या जूनमध्ये संस्था काढायला लावली होती. लोगो झाला, टी-शर्ट झाले, वस्तीत एकदा जाऊन फोटो काढले. ती मुलगी नववीपासून शेजारच्या दोन मुलांना रोज गणित शिकवत होती, पण ते तिने 'छोटं' म्हणून गाळलं. आम्ही संस्था काढून टाकली आणि गणित वर घेतलं.

– पैसे भरून छापलेला 'रिसर्च पेपर'. त्यावर दोन प्रश्न विचारले की पितळ उघडं पडतं.

– प्रवेशफी हाच निकष असलेल्या ऑलिंपियाडची मेडलं. होमी भाभा केंद्राच्या देखरेखीखालची विज्ञानाची राष्ट्रीय ऑलिंपियाड, किंवा गणितातली आयओक्यूएम, आरएमओ ही मालिका वेगळी, आणि शाळेत फॉर्म वाटून सगळ्यांना मेडल देणारी वेगळी. पुरस्काराच्या रकान्यात दुसरी टाकू नका.

– खोटं. प्रवेश मिळाल्यावरही तो रद्द होऊ शकतो, फॉर्मच्या शेवटी सही करताना तुम्ही तेच मान्य करता.

## पायरी ७ : रकाना ब आणि ड साठी वेगळी तयारी

आयपीएमसारख्या मुलाखतीत यादी वाचून दाखवायची नसते. तुम्ही 'वाचन' म्हणालात की पुढचा प्रश्न 'शेवटचं काय वाचलं', मग 'लेखकाशी कुठे पटलं नाही'. म्हणून प्रत्येक ॲक्टिव्हिटीखाली तीन प्रश्न खोल जा. घरी सराव करताना आई-बाबांना बसवू नका, ते मध्येच मदत करतात. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांना बोलवा, आणि त्यांना आधी सांगून ठेवा की "छान" म्हणायचं नाही. शहरावरचा प्रश्नही तयार ठेवा. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून इंदूर पहिलं येत राहिलं ते कशामुळे, याला 'लोक जागरूक आहेत' एवढं उत्तर पुरत नाही. गाडी घरी किती वाजता येते, कचरा किती भागांत देता, तो पुढे कुठे जातो हे माहीत हवं.

पण आधी लेखीत निवड व्हायला हवी. रकाना ब मध्ये मुलाखतीची तयारी लेखी संपल्यावर करायची, तोवर गणित.

ब्रिटनचा यूकास फॉर्म पाच निवडींसाठी एकच असतो. २०२६ च्या प्रवेशापासून जुन्या सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत, तिन्ही मिळून ४००० अक्षरं. हा विषय का, अभ्यासातून तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलं व त्याचा उपयोग काय. तिसऱ्या प्रश्नातला 'उपयोग काय' हा भाग बरेच जण वाचतच नाहीत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एका वर्षी एकालाच अर्ज करता येतो आणि त्यांची मुदत १५ ऑक्टोबर, ब्रिटनच्या घड्याळात संध्याकाळी ६. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात.

## पायरी ८ : टक्कर कुठे होते ते कॅलेंडरवर बघा

अ आणि क एकत्र धरणाऱ्यांचं खरं दुखणं हे. अमेरिकेच्या बऱ्याच नियमित अर्जांची मुदत १ जानेवारीच्या आगेमागे असते. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत. सीबीएसईचे पेपर फेब्रुवारीच्या मध्यापासून. तिन्ही एका रेषेत आले की पहिला बळी निबंधाचा जातो.

माझा सल्ला: अकरावीची वार्षिक परीक्षा संपली की एक रकाना मुख्य ठरवा आणि दुसऱ्यातली तीनच नावं ठेवा. मुख्य अ असेल तर आठवड्याला तीन तास एका आवडीच्या ॲक्टिव्हिटीला, बाकी सगळं परीक्षेला. मुख्य क असेल तर सप्टेंबरपर्यंत सॅट आटपा, ऑक्टोबर निबंधांना, आणि १ नोव्हेंबरच्या लवकरच्या फेरीत निदान एक अर्ज पाठवा. 'अर्ली डिसिजन' ही फेरी मात्र बांधून घेते. प्रवेश मिळाला तर जावंच लागतं, म्हणून पैशांचं गणित आधी.

पैशांचं बोलणं आलंच तर इथेच सांगते. मदत मागणाऱ्या परदेशी मुलांचा अर्ज बऱ्याच कॉलेजांत जास्त कठोरपणे बघतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशा मोजक्याच ठिकाणी मदत मागितल्याने निर्णयावर फरक पडत नाही. बाबांशी हे बोलणं जुलैत करा. डिसेंबरात केलेलं बोलणं भांडणात संपतं.

## पायरी ९ : फॉर्म भरण्याआधीची शेवटची पाहणी

नाव. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, मार्कशीटवर मधलं नावच नाही, आधारवर आडनावाचं स्पेलिंग निराळं. मराठी घरांत हे हमखास होतं. जोशींचा शेवट 'वाय'ने की 'आय'ने, हे एकदा पासपोर्टवरून ठरवा आणि सॅटच्या नोंदणीपासून सगळीकडे तसंच लिहा. नाहीतर स्कोअर आणि अर्ज एकमेकांना सापडत नाहीत.

वेळ. कॉमन ॲपची मुदत साधारणपणे तुमच्या इथल्या घड्याळाने रात्री ११:५९ पर्यंत असते. 'अमेरिकेत अजून दिवस आहे' या भरवशावर राहू नका. स्वतःची मुदत दोन दिवस आधीची धरा.

स्कोअर. कॉलेजकडे अधिकृत स्कोअर पोचायला दिवस लागतात. काही कॉलेजं आधी स्वतः भरलेला स्कोअर चालवून घेतात. कुठली, ते कागदावर हवं.

मेळ. निबंध, ॲक्टिव्हिटी आणि शिफारसपत्र शेजारी ठेवून कोणा तिऱ्हाइताला वाचायला द्या. वाचून झाल्यावर "हा मुलगा कोण?" एवढंच विचारा. उत्तर दोन वाक्यांत आलं तर पाठवा. "हुशार आहे, सगळ्यात भाग घेतो" असं आलं तर पायरी ६ वर परत जा.

अर्ज गेल्यावर. बारावीच्या सहामाही गुणांचा अहवाल जानेवारी-फेब्रुवारीत शाळेने पाठवायचा असतो. तो मुलगा पाठवू शकत नाही. त्या दिवसांत शाळेत बोर्डाची प्रॅक्टिकल चालू असतात आणि ऑफिसात कोणी भेटत नाही. तेव्हा नाताळच्या सुट्टीआधीच जाऊन कोणत्या कॉलेजला, कुठल्या तारखेपर्यंत, काय पाठवायचं याचा कागद द्या, त्याच्या प्रतीवर शाळेचा शिक्का घ्या, आणि सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी पुन्हा चक्कर मारा.